वडिलांना पुण्याला नेण्याआधी आजाराचे नाव कळायला हवे

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिले असेल तर आपल्या लक्षात येईल. आपले वडील ७२ वर्षांचे असून यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी एकटे राहतात. चौदा महिन्यांपूर्वी आपल्या आई गेल्या, त्यानंतर वावर मक्त्याने दिले आणि मागच्या पोळ्याच्या आधी बैलजोडीही विकली. गेल्या चार-पाच महिन्यांपासून पोट साफ होत नाही, गॅस डोक्यात चढतो, हातपाय गळतात, अशा त्यांच्या तक्रारी आहेत. पहाटे तीनला जाग येते, शेजारून चुलतभावाची सून डबा देते त्यातली अर्धी भाकर तशीच राहते, पारावर जाणे बंद झाले आहे आणि अलीकडे नावे आठवत नाहीत. गावातले डॉक्टर अधूनमधून सलाईन लावतात, सोनोग्राफीत काही निघाले नाही, नातेवाईक म्हणतात की वय झाले, आणि आपल्या बहिणीला बाहेरचे काही असावे असे वाटते. हा विसरण्याचा आजार आहे का आणि त्यांना कायमचे पुण्याला आणावे का, असे आपण विचारले आहे.

मी यवतमाळ-वर्धा भागात बरीच वर्षे मानसोपचाराचे काम करतो. रुग्णाला न पाहता निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण आपण केलेले वर्णन असे आहे की माझ्या बाह्यरुग्ण विभागात ते ऐकल्यावर मी सर्वात आधी नैराश्याचा विचार करीन आणि त्याच बैठकीत शरीराचे दुसरे काही आजार नाहीत ना, हे तपासायला घेईन. आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या तिसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहेत. मुक्काम कुठे हलवायचा हे ठरवण्याआधी आजार कोणता आहे हे कळले पाहिजे, कारण नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला घर सोडायला लावणे आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घर सोडायला लावणे, या दोन्हींचे परिणाम वेगळे होतात.

नातेवाइकांच्या ‘वय झाले’ या म्हणण्याला मी ठामपणे विरोध करतो. वयाने चाल मंदावते, झोप थोडी कमी होते, ऐकू कमी येते. पण वयाने भाकर बेचव लागत नाही, आणि आयुष्यभर पारावर बसलेला माणूस केवळ बहात्तरावे लागले म्हणून दार लावून घेत नाही. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ज्येष्ठांच्या आरोग्यावरील देशव्यापी पाहणीत २०१७-१८ साली साठीपुढच्या लोकांना ठरावीक प्रश्न विचारले गेले, तेव्हा ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची शक्यता दिसली. मात्र आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे असे सांगणारे ०.८ टक्केच होते. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे उपचाराविना राहिलेली माणसे, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी ‘वय झाले’ हेच वाक्य बोलले जात असणार.

आता शरीराच्या तक्रारींविषयी. आपल्या भागातला म्हातारा माणूस ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मले काही नाई झालं, पोटच साफ होत नाई.’ कोणी म्हणतो जीव घाबरते, कोणी म्हणतो डोक्स जड राह्यते. यात ढोंग नसते. नैराश्यात भूक, झोप, पोटाची हालचाल आणि वेदना जाणवण्याची पातळी खरोखरच बदलते, आणि उतारवयात रडू येण्यापेक्षा या खुणाच पुढे येतात. त्यामुळे मी पोटापासूनच बोलायला सुरुवात करतो. पोटाचे नीट ऐकून, हाताने तपासून झाल्यावर झोपेवर येतो: जाग किती वाजता येते, त्यानंतर पडल्या पडल्या काय विचार येतात, दिवसातली कोणती वेळ सर्वात जड जाते. पहाटे लवकर जाग येणे आणि सकाळ सर्वात वाईट जाऊन संध्याकाळी थोडे हलके वाटणे, ही नैराश्याची जुनी, ओळखीची खूण आहे. मग विचारतो की वावरात शेवटचे कधी गेले होते, यंदा तूर कशी आहे, सणाला घरी काय केले होते. ज्याला शेताची काळजी आहे तो शेताविषयी तक्रार का होईना, पण बोलतो. ‘आता माह्यं काय काम हाये?’ असे म्हणून जो गप्प होतो, त्याच्याजवळ मी जास्त वेळ बसतो.

यासाठी ज्येष्ठांकरिता तयार केलेली पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिची उत्तरे हो-नाही अशी असल्यामुळे शाळेत फार न गेलेल्या माणसालाही ती सोपी जाते, आणि पाचाच्या वर गुण गेले की आम्ही अधिक खोलात जातो. मी ती वापरतो, पण गुणांवर डोळे झाकून विसंबत नाही. बहुतेक लोक तुमच्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहेत असे वाटते का, असा एक प्रश्न तिच्यात आहे. कर्जात असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे ‘हो’ हे उत्तर आजाराचे लक्षण नसून साधी वस्तुस्थिती असू शकते. बाहेर जाऊन काही नवे करण्यापेक्षा घरी राहणे आवडते का, हा प्रश्न मे महिन्यात विदर्भात विचारला तर धडधाकट माणूसही ‘हो’च म्हणेल. म्हणून गुण मोजणाऱ्याला त्या माणसाचे घर आणि हंगाम ठाऊक असावा लागतो.

आई गेल्याचे दुःख आणि नैराश्य यांत फरक करावा लागतो, आणि तो सोपा नाही. दुःख लाटांनी येते. आठवण निघाली की डोळे भरतात, पण मध्येच नातवाच्या बोलण्यावर हसूही येते, आणि माणसाला स्वतःविषयी तिरस्कार वाटत नाही. नैराश्यात मात्र सगळ्याच गोष्टींतली गोडी जाते, आपण कुटुंबावर भार झालो असे वाटू लागते आणि जुन्या, कुठल्या कुठल्या गोष्टींचे अपराधीपण मनात घोळत राहते. चौदा महिन्यांनंतर वाढत जाणारी लक्षणे मला साध्या दुःखाची वाटत नाहीत. शिवाय आपल्या वडिलांनी एका वर्षात पत्नी, वावर आणि बैल असे तिन्ही गमावले आहे. शेत मक्त्याने देण्याचा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच असेल, पण पहाटे उठण्याचे कारण त्यानेच संपवले, हेही खरे आहे.

विसरण्याबद्दल आपल्याला सर्वात जास्त भीती वाटते आहे असे पत्रावरून दिसते. इथे थोडे सविस्तर सांगतो. नैराश्यात लक्ष एकाग्र होत नाही, त्यामुळे गोष्ट मुळात मनात नीट नोंदलीच जात नाही आणि मग ती आठवत नाही. असा माणूस स्वतःच तक्रार करतो की माझे डोके चालत नाही, आणि काही विचारले तर प्रयत्न न करता ‘माहीत नाही’ म्हणतो. स्मृतिभ्रंशात सहसा उलटे दिसते: तक्रार घरचे करतात, स्वतः रुग्णाला काही बिघडले आहे असे वाटत नाही, आणि तो चुकीचे का होईना, उत्तर देतो. नैराश्याची सुरुवात कोणत्या महिन्यात झाली हे बहुधा सांगता येते. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे हळूहळू येतो. कमी शिकलेल्या माणसाला घड्याळाचे चित्र काढायला लावणे मला पटत नाही. मी विचारतो की बाजाराच्या गावाला जाताना कोणकोणती गावे लागतात, मागच्या हंगामात कापूस कोणत्या भावाने गेला, मक्त्याचे पैसे किती हप्त्यांत ठरले. या उत्तरांतून पुष्कळ कळते. मात्र दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेले नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असते. त्यामुळे नैराश्याचा उपचार करून सहा महिन्यांनी स्मरणशक्ती पुन्हा तपासणे आवश्यक असते. आज त्यावर शिक्का मारण्याची घाई करू नये.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, दिवस-रात्र कळेनाशी झाली, माणूस कधी गुंगीत तर कधी बडबडत असेल, तर ते ना नैराश्य ना स्मृतिभ्रंश. लघवी तुंबणे, जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम घटणे किंवा उन्हाचा तडाखा, असे काहीतरी त्यामागे असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. पडल्यानंतर काही आठवड्यांनी सुस्ती वाढली असेल, तर डोक्याचा सीटी स्कॅन लागतो.

आपल्याकडच्या तपासण्या ‘नॉर्मल’ आल्या असे आपण लिहिले आहे, पण नेमक्या कोणत्या झाल्या हे पाहावे लागेल. पोटाच्या सोनोग्राफीत थायरॉइड कळत नाही. मी हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, सोडियम, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व या तपासण्या आणि एक ईसीजी करायला सांगतो. माळकरी किंवा अन्य कारणाने शाकाहारी असलेल्या आणि त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या वृद्धांत बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याने थकवा, उदासी आणि विसरणे या तिन्ही गोष्टी होऊ शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध असते, त्याने सोडियम उतरते. मोतीबिंदू आणि बहिरेपण हेही तपासा. पारावरचे बोलणे ऐकूच येत नसेल तर माणूस तिथे कशाला जाईल? दारूचे विचारायला संकोच करू नका, कारण पत्नी गेल्यानंतर संध्याकाळचे पिणे वाढलेले असू शकते आणि गावाकडून ते मुलांना कोणी कळवत नाही.

सलाईनविषयी स्पष्ट बोलतो. ज्याला पाणी कमी पडलेले नाही त्याच्या नैराश्यावर सलाईनचा काही उपयोग नाही. दोन दिवस बरे वाटते ते कोणीतरी जवळ बसून हात लावला म्हणून. त्याहून मला काळजी आहे ती झोपेच्या गोळीची. अल्प्राझोलामसारखी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर तोल जाणे, रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडणे आणि विसरणे वाढणे, हे सगळे तिच्यामुळे होऊ शकते. मात्र ती एकदम बंद करू नका. ती आठवड्या-आठवड्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी लागते.

आता सर्वात महत्त्वाचे. वडिलांना जगणे नकोसे झाले आहे का, हे कोणीतरी सरळ विचारले पाहिजे. विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेकांना ओझे उतरल्यासारखे वाटते, असाच माझा अनुभव आहे. मी आधी विचारतो, ‘देवानं आता उचलून न्यावं, असं वाटते काय?’ यावर बरेच वृद्ध हो म्हणतात आणि त्या ‘हो’ने घाबरून जाण्याचे कारण नसते. पण पुढचा प्रश्न सोडायचा नाही: ‘सोताच्या हातानं काही करून घ्यावं, असं मनात येते काय? कसं करायचं, तेही मनात येते काय?’ वृद्ध माणसे सांगतात कमी आणि त्यांचे प्रयत्न तरुणांच्या तुलनेत जास्त वेळा जिवावर बेततात. अचानक उसनवारी चुकती करणे, सातबारा आणि बँकेची पुस्तके कोणाच्या तरी हवाली करणे, लांबच्या नातेवाइकांना भेटून येणे, किंवा बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत होणे, या गोष्टी दिसल्या तर त्यांना क्षणभरही एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

त्यासाठी आजच करण्याचे एक काम आहे. वावर मक्त्याने दिले तरी कोठ्यात, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे कीटकनाशकाच्या आणि तणनाशकाच्या उरलेल्या बाटल्या असतातच. चुलतभावाला फोन करून त्या घरातून हलवायला सांगा, वडिलांना न लपवता पण वाद न घालता. जीव देण्याचा तीव्र विचार पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो, आणि त्या वेळेत हाताशी विष नसले तर माणूस वाचतो. कोणी असा प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने ‘चुकून प्यायले’ असे सांगून उपचाराला उशीर करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते आणि त्याला शिक्षा करायची नसून त्याची काळजी घ्यायची असते.

औषधांविषयी. नैराश्याच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नाहीत आणि त्यांची सवय लागून नशा येत नाही. उतारवयात आम्ही सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम यांसारखे औषध तरुणांच्या निम्म्या मात्रेपासून सुरू करतो आणि हळूहळू वाढवतो. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते, आणि गुण यायला चार ते सहा आठवडे, म्हाताऱ्या माणसांत कधी त्याहूनही जास्त लागतात. गोळी सोडली जाते ती याच काळात. दोन-तीन आठवड्यांनी सोडियम पुन्हा तपासावे लागते. वडील सांधेदुखीसाठी कोणती गोळी घेतात तेही डॉक्टरांना सांगा, कारण ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक नैराश्याच्या या औषधांबरोबर घेणे धोक्याचे ठरू शकते आणि इतर वेदनाशामकांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुकानातून नाव सांगून गोळी आणण्याचा प्रकार कृपया करू नका. अन्नपाणीच सोडले असेल, किंवा आतडी सडली आहेत, आपल्यामुळे घर बुडाले, अशा भ्रमापर्यंत आजार गेला असेल, तर विजेचा उपचार फार लवकर आणि चांगला लागू पडतो. तो आता भूल देऊनच केला जातो, भुलीशिवाय करण्यास कायद्याने मनाई आहे.

गोळीइतकेच काम दिनक्रमाचे आहे. ‘मन रमवा’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण मन रमत नाही हाच तर आजार आहे. आम्ही उलट्या बाजूने जातो: इच्छा होण्याची वाट न पाहता एक लहान, ठरलेले काम, ठरलेल्या वेळी, कोणाच्या तरी सोबतीने. आपल्या वडिलांसाठी मी सुचवीन की मक्ता घेतलेल्या माणसाने त्यांना आठवड्यातून दोनदा सकाळी वावरात न्यावे आणि कापसाचा काटा होताना समोर बसवावे. गावात सायंकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर बोलावणे पाठवून नव्हे, घरी येऊन कोणी त्यांना घेऊन जावे. आपण रोज फोन करीत असाल, तर ‘जेवले का, गोळी घेतली का’ एवढ्यावर तो संपवू नका. धुऱ्याचा वाद कसा मिटला होता, विहिरीला पाणी कितीवर लागले होते, असे काहीतरी विचारा की ज्याचे उत्तर फक्त त्यांच्याजवळ आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम झाला होता, त्यात गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केली. नैराश्य असूनही उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. विदर्भातल्या खेड्यात हे होऊ शकते, एवढे त्यातून नक्की कळते.

बहिणीला देवस्थानी न्यायचे असेल तर नेऊ द्या. तिथे प्रवास होतो, चार माणसे भेटतात, आशा वाटते. अट एकच: गोळ्या थांबवायच्या नाहीत, उपास घडवायचा नाही आणि मारहाण किंवा बांधून ठेवण्याचा प्रकार असेल तर त्या ठिकाणी जायचे नाही.

आता पुण्याचा प्रश्न. जगणे नकोसे झाल्याचे विचार तीव्र असतील, खाणे सुटले असेल, किंवा गोळ्या देणारे खात्रीचे माणूस गावात नसेल, तर आपण त्यांना लगेच आपल्याजवळ न्यावे, यात दुमत नाही. यांपैकी काही नसेल तर कायमच्या स्थलांतराचा निर्णय किमान सहा महिने पुढे ढकला. नैराश्यातला माणूस ‘तुम्ही म्हणाल तसे’ म्हणतो, आणि ती संमती नसते. चौथ्या मजल्यावरच्या घरात, दिवसभर दोघेही कामावर, बोली वेगळी, ओळखीचे कोणी नाही, अशा ठिकाणी पत्नी, वावर आणि बैल यांच्या जोडीला गावही गेले असे त्यांना वाटू शकते. नेलेच तर मुदतीने न्या आणि परतीची तारीख खरी सांगा. पंधरा दिवस म्हणून नेऊन घराला कुलूप लावलेले मी पाहिले आहे; त्यानंतर त्या माणसाचा मुलांवरचा विश्वास परत यायला फार काळ लागतो. बरे झाल्यावर त्यांना स्वतःलाच विचारा. काही जण तेव्हा आनंदाने मुलाकडे जातात.

उपचारासाठी पुण्याची गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत मानसोपचार आणि औषधे मोफत मिळण्याची सोय आहे. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सेवाग्राम, सावंगी व नागपूर इथली वैद्यकीय महाविद्यालयेही आपल्या टापूतलीच आहेत. १४४१६ या क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ या सरकारी फोनसेवेवर, दिवसरात्र मराठीतून बोलता येते. वडील बोलणार नसतील तर आपण स्वतः पुण्यातून फोन करून विचारू शकता. पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्या गोळ्या, बंद केलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. आपण जरूर या, पण रोज डबा देणाऱ्या सूनबाईंनाही बरोबर घ्या, कारण वडील किती खातात, रात्री दिवा किती वाजता लागतो आणि कोणत्या दिवशी ते अंगणातही आले नाहीत, हे त्यांनाच ठाऊक आहे. वडिलांना ‘मानसोपचार’ म्हणून न्यायचे की ‘झोपेचे डॉक्टर’ म्हणून, असे बरेच जण विचारतात. खोटे सांगू नका. ‘झोप आणि भूक गेली आहे, त्याचे डॉक्टर पाहायचे आहेत’ हे पूर्ण खरे आहे आणि त्यांना पटणारेही.

बरे वाटू लागले की दोन महिन्यांतच गोळी बंद करण्याची इच्छा होईल, त्यांना आणि कदाचित आपल्यालाही. पूर्ण बरे वाटल्यानंतर निदान सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवावी लागते, आणि थांबवायची तीही हळूहळू. आईंच्या श्राद्धाचा महिना आणि पोळ्याचा आठवडा आपल्या वडिलांना पुढची दोन-तीन वर्षे तरी जड जाईल. त्या दिवसांत गोळी कमी करायला घेऊ नका, आणि शक्य झाले तर सुटी काढून गावी जा.